बंद काचेतली मेथी: प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट २०२५

१६ जून २०२५, सोमवार

कॉलेज सुरू झालं. तिसऱ्या वर्षाच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या दोन मुली प्रकल्पासाठी माझ्या वाट्याला आल्या. एक वाईची, एक कोरेगावची. या वहीत मी त्यांना तसंच लिहिणार, नावं अहवालात येतीलच. दोघींच्याही घरी शेती आहे, ही मोठी जमेची बाजू.

विषय त्यांनीच आणला: अंतराळातली भाजी. गेल्या ३० डिसेंबरला पीएसएलव्ही-सी६० बरोबर इस्रोने चवळीच्या ८ बिया एका बंद डबीत वर पाठवल्या होत्या. चौथ्या दिवशी मोड आले, मग पानं फुटली. ते फोटो दोघींच्या मोबाइलमध्ये अजून आहेत. मी म्हटलं, रोप उगवतं हे तर कळलं. पण त्या डबीत बियांबरोबर आणखी कोण कोण चढलं असेल? दोघी गप्प. मग वाईची म्हणाली, "पण मॅडम, जंतू तिथं जाऊच द्यायचे नाहीत ना?"

ठीक आहे, यावरच प्रकल्प करू. एक टाकी, 'अ', जमेल तितकी निर्जंतुक, दुसरीत, म्हणजे 'ब'मध्ये, मुद्दाम मातीतले जंतू. दोन्ही हवाबंद. कुठली बरी चालते ते बघायचं. वाईची 'अ'च्या बाजूने, कोरेगावची 'ब'च्या. मी पंच. प्रयोगशाळेतले मामा म्हणाले, "मॅडम, सामान कुठनं आणायचं ते आधी सांगा."

१९ जून, गुरुवार

सामान जमलं. स्टाफरूममधल्या दोन फिश टँक पाच वर्षं रिकाम्याच होत्या, प्रत्येकी ४५ लिटरच्या. वर ॲक्रिलिकचं झाकण, कडेने सिलिकॉन. आत जुन्या कॉम्प्युटरचा एकेक पंखा, वर एलईडी पट्ट्या, १४ तास उजेड १० तास अंधार. पाणी घालायला आणि नमुना काढायला सलाइनची नळी, तिची चकतीची क्लिप सोडू तेव्हाच उघडते. कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर ऑनलाइन मागवला तर स्वयंपाकाचा गॅस ओळखणारा आला. परत पाठवून दुसरा मागवला.

गळती आहे का ते मामांनी सिलिंडर तपासतात तसं साबणाच्या फेसाने बघितलं. 'ब'च्या कोपऱ्यात बुडबुडे आले. पुन्हा सिलिकॉन.

अंतराळ स्थानकावर 'व्हेजी' नावाचा जो भाजीचा वाफा आहे, त्यात उशीसारख्या छोट्या पिशव्या असतात, पिशवीत भाजलेल्या मातीचे खडे आणि खत, आणि बी लावायला वात. आमच्याकडे भाजलेली माती म्हणजे वीट. मागच्या बांधकामावरच्या तुकडा विटा मामांनी फोडून चाळल्या, साधारण हरभऱ्याच्या डाळीएवढे खडे निघाले.

आता स्वच्छतेचं. विटांचे खडे ऑटोक्लेव्हमधून (जंतू मारायचा वाफेचा मोठा कुकर) दोनदा काढले. पाणी आरओचं, तेही ऑटोक्लेव्ह केलेलं. दोन्ही टाक्यांत एकेक मोठा चमचा गांडूळखत, तेही तसंच मारून. म्हणजे खाणं दोन्हीकडे सारखं. फरक एकच: कोरेगावचीने घरच्या मेथीच्या वाफ्यातली माती आणली, ती पाण्यात ढवळून फडक्याने गाळली आणि ते गढूळ पाणी ५० मिली 'ब'मध्ये घातलं. 'अ'लाही तेच, पण ऑटोक्लेव्ह केलेलं.

बिया दोन्हीकडच्या ब्लीचच्या पाण्यात दहा मिनिटं, मग पाच वेळा धुऊन. नासावाले बियांना ब्लीच आणि आम्लातून निघणाऱ्या क्लोरीनची धुरी देतात. ते आपल्याकडे करायचं नाही, असं दोघींना बजावलं. आणि हेही सांगितलं की ब्लीच फक्त टरफलापर्यंत पोचतं, बीच्या आत जे बसलेत ते तसेच राहतात. वाईची जरा नाराज झाली. तिची टाकी 'निर्जंतुक' नव्हे, 'बरीचशी स्वच्छ' ठरली.

२५ जून, बुधवार

पेरणीचा मुहूर्त मुलींनी ठरवला. दुपारी १२ वाजून १ मिनिटाने शुभांशू शुक्लांचं यान उडालं आणि इकडे प्रत्येक टाकीत ६० मेथीचे दाणे पडले. तेही वर मूग आणि मेथी भिजवणार आहेत, धारवाडचा प्रयोग आहे तो. मोबाइल बीकरला टेकवून सगळी लॅब बघत होती. मामांनी पेढे आणले.

पेढे खाताना मी विरजण घातलं, माझी सवय. २०११ साली जर्मनीत ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूची मोठी साथ आली होती, ३,८०० हून अधिक लोक आजारी, ५० हून अधिक दगावले. शेवटी माग निघाला तो मोडांपर्यंत, आणि संशय ठरला इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांवर. ऊब, ओल आणि बीतून पाझरणारी साखर. मोड आणायला जे लागतं तेच जंतूंनाही लागतं. घरात आपण मोडांची उसळ करतो, शिजवतो, सुटतो. स्थानकावर शेगडी नाही.

२८ जून, शनिवार

'अ'मध्ये ५८, 'ब'मध्ये ५७ उगवले. सेन्सरवर दोन्हीकडे कार्बन डायऑक्साइड २,१०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आसपास, बाहेर ४२० आहे. मुलींना वाटलं सेन्सर बिघडला. बिघडला नाही. उगवणारं बी आपली शिदोरी जाळतं, श्वास सोडतं. पानं हिरवी होईपर्यंत असंच चालणार.

मग फळ्यावर एक गणित घातलं, ते इथे उतरवून ठेवते, कारण पुढे सगळं यावरच फिरणार आहे. टाकी ४५ लिटरची. साध्या हवेत त्यातला कार्बन डायऑक्साइड १९ मिली. त्यातला कार्बन साधारण ९ मिलिग्रॅम. वाळलेल्या पानात चाळीस टक्के कार्बन धरला तर २३ मिलिग्रॅम वाळलेलं पान. ओलं धरलं तर १७० मिलिग्रॅम.

म्हणजे मेथीची दोन पानं. अख्ख्या टाकीच्या हवेत दोन पानांपुरता कार्बन आहे. बाकीचा आणायचा कुठून? शेतात हा प्रश्न येत नाही, हवा फुकट आहे. बंद डब्यात मात्र जुनं कुजल्याशिवाय नवं उगवायला काही उरत नाही. आणि कुजवणार कोण, हे सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलींना विचारायची गरज नसावी.

कोरेगावची लगेच म्हणाली, "म्हणजे मी जिंकले." थांब म्हटलं, उलटंही होतं. ॲरिझोनातल्या 'बायोस्फिअर २' या हवाबंद काचघरात सप्टेंबर १९९१ ला आठ माणसं दोन वर्षांसाठी आत गेली. माती भरपूर सेंद्रिय खताची, पिकांसाठी मुद्दाम तशी घेतलेली. मातीतल्या जंतूंनी ते खत खायला सुरुवात केली आणि ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून १४ च्या आसपास आला. जिना चढताना माणसांना धाप लागायची. जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून ऑक्सिजन भरावा लागला. गंमत अशी की जंतूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड हवेत तितका वाढलेला दिसेना. तो शोषला होता इमारतीच्या काँक्रीटने, आतल्या आत त्याची चुनखडी झाली. म्हणून दोष कुणाचा हे कळायलाही वेळ लागला.

मामा विटांच्या टोपलीकडे बघून म्हणाले, "वीट पीत नाही ना?" वीट नाही पीत. सिमेंट पितं. (घरी जाऊन तुकडा विटांना जुनं सिमेंट चिकटलेलं होतं का ते आठवत बसले. होतं थोडं.)

४ जुलै, शुक्रवार

नववा दिवस. खत म्हणून आम्ही पाण्यातून थोडा युरिया देतो, लिटरला चिमूटभर. अंतराळात मूत्र हेच खत होणार, तेव्हा युरिया योग्यच.

'अ'ची पानं फिकट. 'ब'ची काळपट हिरवी. मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेल्या नायट्राइटच्या (अमोनियाचा नायट्रेट होताना मधे बनतं ते) किटने दोन्हीकडचं पाणी तपासलं. 'ब'चं पाणी नळीत गुलाबी झालं, जांभळ्याकडे झुकणारं. 'अ'चं पाणी जसंच्या तसं. युरिया तिथे पडून आहे, त्याचा अमोनिया करणारं कुणी नाही, अमोनियाचा नायट्रेट करणारं तर नाहीच. वाढून ठेवलेल्या ताटावरचं झाकण काढायला माणूस नाही, अशी अवस्था.

युरोपीय अंतराळ संस्थेचा मेलिसा प्रकल्प १९८९ पासून हेच काम करतो आहे, त्यांची मोठी मांडणी बार्सिलोनाच्या विद्यापीठात आहे. तळ्यात जसं चक्र चालतं तसं त्यांनी वेगवेगळ्या टाक्यांत तोडून मांडलंय: एकीत कचरा कुजवणारे, पुढे उजेडावर जगणारे जांभळे जिवाणू, मग अमोनियाचा नायट्रेट करणारी नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही जोडी, मग शैवाल आणि भाजी, शेवटी माणूस. आणि तिथून पुन्हा पहिल्या टाकीत. त्या शैवालाचं नाव लिम्नोस्पायरा इंडिका. बाजारात स्पिरुलिना म्हणून ज्याच्या गोळ्या मिळतात त्या कुळातलं. आपल्या लोणारचं खारं पाणी हिरवं दिसतं ते याच्याच भावकीमुळे. वाईची मागच्या सहलीत लोणारला जाऊन आलेली, तिला फक्त वास आठवला.

कार्बन डायऑक्साइड भर उजेडात: 'अ' १२०, 'ब' ४५०. रात्री 'ब' १,९०० पर्यंत चढतो. 'अ'ची रोपं उपाशी आहेत. खताचा चमचा दोन्हीकडे सारखाच होता.

७ जुलै, सोमवार

घोटाळा झाला. शनिवारी संध्याकाळी लाईट गेली ती रविवारी रात्री आली. रविवारी आषाढी, कॉलेज बंद, कुणी फिरकलं नाही. इन्व्हर्टर फक्त ऑफिसला. तीस तास पंखा नाही, उजेड नाही.

सकाळी काचा आतून पांढऱ्या. पानांच्या टोकांना पाण्याचे टपोरे थेंब, हे दव नव्हे, पानानेच बाहेर टाकलेलं पाणी. मुळाशी पाणी साचलं आणि हवा हलत नसली की रोप असं करतं. 'ब'मध्ये दोन रोपं आडवी, बाकी उभी. 'अ'मध्ये खताच्या चमच्यावरून कापसासारखी बुरशी निघून विटांवर पसरलेली, फिकट गुलाबी छटा, आणि बावीस रोपं बुडाशी करपून कोलमडलेली. कोरेगावचीने बघताक्षणी निदान केलं: "मर लागलीय." तिच्या घरी हरभऱ्यात हे दर वर्षीचं.

चिमट्याने धागा काढून काचपट्टीवर घेतला, निळा रंग टाकला. ४० च्या भिंगाखाली बीजाणू: निमुळती टोकं, बारीक बाक, आत आडव्या भिंती. वाईची बराच वेळ डोळा लावून होती, मग म्हणाली, "मॅडम, माझ्या टिकलीसारखे." तिच्या कपाळावर चंद्रकोर. फ्युजेरियम. जात ठरवणं आपल्या आवाक्यातलं नाही, पण हरभऱ्याची मर करणारं कुळ तेच.

हे स्थानकावरही झालंय, अगदी याच क्रमाने. डिसेंबर २०१५ मध्ये व्हेजीत झिनियाची फुलझाडं होती. पाणी जास्त झालं, हवा पुरेशी हलेना, पानांतून थेंब आले, पानं वळली, मग बुरशी. तिथले अंतराळवीर स्कॉट केली यांनी पंखा वाढवून घेतला, आजारी भाग कापून काढला, आणि पाणी कधी द्यायचं ते माझं मला ठरवू द्या म्हणून खालच्या लोकांना सांगितलं. खालून त्यांना झिनियाची निगा कशी राखावी याचं एक पानी टिपण गेलं. जानेवारीत फूल आलं. ती बुरशी फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम निघाली, आणि शास्त्रज्ञांनी तिला शब्द वापरला तो 'संधिसाधू' या अर्थाचा. धडधाकट रोपाच्या वाटेला न जाणारी, रोप खचलं की हात साधणारी.

आमची आली कुठून? बीच्या आतून, नाहीतर सलाइनच्या नळीतून. 'अ'मध्ये तिला अडवायला कुणी नव्हतं. ऑटोक्लेव्ह केलेलं खत म्हणजे धान्याने भरलेलं आणि ओस पडलेलं गाव. पहिला जो शिरेल त्याचं.

वाईचीने रडवेलं तोंड केलं. म्हटलं, टाकी मेली तरी प्रयोग जिवंत आहे. बुरशी अगारच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) तिरप्या नळीत जपून ठेवायला लावली. लागेल.

१० जुलै, गुरुवार

रात्री झोपेत उठून बसले. मेथी! मेथी म्हणजे द्विदल. मुळांवर गाठी, गाठीत रायझोबियम, म्हणजे हवेतला नायट्रोजन फुकट. 'ब'मध्ये मी मेथीच्याच वाफ्याची माती घातली. मग 'ब'ची हिरवी पानं युरियामुळे की गाठींमुळे? तेवीस वर्षं हे शिकवते आहे. सकाळी मुलींना सांगितलं आणि स्वतःचा कान धरला. त्यांना फार आनंद झाला.

१५ जुलै, मंगळवार

दुपारी ३ वाजता शुक्लांचं यान कॅलिफोर्नियाच्या समुद्रात उतरलं. आम्हीही झाकणं कापली. उघडताच 'ब'ला पावसाच्या पहिल्या सरीचा वास, 'अ'ला बंद कपाटाचा.

'ब'ची मुळं हळूच धुतली. बाजरीच्या दाण्याहून लहान गाठी, एका रोपावर तीन, दुसऱ्यावर पाच, बऱ्याच रोपांवर एकही नाही. एक गाठ ब्लेडने कापली: आत फिकट गुलाबी. म्हणजे कामाला लागलेली. 'अ'च्या मुळांवर शून्य.

'ब'ची सगळी पाला-भाजी मिळून ९ ग्रॅम. वीस दिवसांत एक घास! २८ जूनचं गणित आठवलं तर आश्चर्य नाही. माणूस दिवसाला किलोभर कार्बन डायऑक्साइड सोडतो, आमच्या टाकीत माणूसच नव्हता.

१७ जुलै, गुरुवार

प्लेटी मोजल्या. पान १ ग्रॅम वाटून, पातळ करत जाऊन, न्यूट्रिएंट अगारवर, ४८ तास.

'अ'च्या वाचलेल्या रोपांवर ग्रॅमला ९,००० च्या आसपास जंतू. 'ब'वर ४०,०००. तुलनेला म्हणून मंडईतली मेथीची जुडी आणली होती, तिच्या दहा हजार पट पातळ केलेल्या प्लेटीवरसुद्धा कॉलन्या (जंतूंचे ठिपके) मोजता आल्या नाहीत. अंतराळवीरांच्या तयार अन्नासाठी नासाने धरलेली मर्यादा २०,०००. तेव्हा कागदावर 'अ' पास, 'ब' नापास, आणि मंडईला तर परीक्षेलाच बसू देणार नाहीत. पण 'अ'ची निम्मी रोपं मेलेली आहेत.

नुसता आकडा पुरत नाही म्हणून ईएमबी अगारवरही (ई. कोलायसारखे जंतू रंगावरून दाखवणारी जेली) ओढलं. 'अ', 'ब' दोन्ही कोऱ्या. मंडईच्या मेथीवर मात्र सात कॉलन्यांना ती हिरवी धातूसारखी चमक, भुंग्याच्या पाठीसारखी. ई. कोलाय असावा. स्थानकावरच्या पहिल्या लेट्यूसचंही असंच झालं होतं: २०१४ चं पीक कुणी खाल्लं नाही, गोठवून खाली आणलं, तपासलं, रोगजंतू नाहीत अशी खात्री झाली, तेव्हा कुठे १० ऑगस्ट २०१५ ला वर पहिला घास घेतला गेला. तोही पानं आम्लाच्या ओल्या कागदाने पुसून.

जुडीची उरलेली मेथी मी घरी नेऊन भाजी केली. शिजवून.

२१ जुलै, सोमवार

दोन टाक्यांवरून काही सिद्ध होत नाही. 'अ'ला नुसतं दुर्दैव आडवं आलं असंही म्हणता येईल. पुन्हा करायचं, नीट.

मामांशी बोलताना त्यांनी एका वाक्यात आणून दिलं. "मॅडम, दूध तसंच ठेवलं की नासतं. विरजण लावलं की दही होतं. जंतू दोन्हीकडं पडणारच." इतकी वर्षं लॅक्टोबॅसिलस शिकवला, हे असं सुचलं नाही. आता 'मातीचं पाणी' हा शब्द बंद, वहीत यापुढे विरजण.

नवी मांडणी: लोणच्याच्या ५ लिटरच्या काचेच्या सहा बरण्या (तीन माझ्या घरच्या, सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही). अ-१ ते ३ स्वच्छ, ब-१ ते ३ विरजण लावलेल्या. पीक लाल माठ, द्विदल नको. पंखे नाहीत. सगळ्यांवर एकच बुरशी मुद्दाम सोडायची, मोजून.

बरणीत हवा चारच लिटर, कार्बन पानाच्या तुकड्यापुरता. त्यावर उपाय कोरेगावचीचा: रोज सकाळी फुंकर. झाकणात दोन नळ्या, दोन्हींत निर्जंतुक कापसाचा बोळा. एकीतून फुंकायचं, दुसरीतून जुनी हवा बाहेर. सोडलेल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड चार टक्के, एका फुंकरीत साधारण २० मिली. म्हणजे जितका त्या आख्ख्या फिश टँकेत होता तितका. वाईचीने हिशेब केला: "माझ्या एका श्वासाची दोन पानं."

२४ जुलैला माठ पेरणार.

४ ऑगस्ट, सोमवार

रोपं बोटभर. 'ब'ची दाट रंगाची, 'अ'ची उंच, बारीक. माठ दिवसा हवेतला कार्बन डायऑक्साइड मेथीपेक्षा खूप खाली ओढतो, सेन्सर एकदा ३० म्हणाला. माठ सी-४ वर्गातला (थोड्या कार्बन डायऑक्साइडवरही भागवणारा), तेव्हा ओढणारच, पण या किमतीच्या सेन्सरच्या ३० वर मी पैज लावणार नाही.

एक दिवस कुणीतरी बरण्यांच्या फळीवर केळ्यांची पिशवी ठेवली आणि फुंकरीच्या नळ्या उघड्या होत्या. मी ओरडले. इथिलीन. केळी पिकवायची आढी ज्याच्यावर चालते तोच वायू. १९९६-९७ मध्ये मीर या रशियन अंतराळ स्थानकावरच्या गव्हाला ओंब्या भरपूर आल्या, दाणा एकातही नाही, कारण बंद हवेत साचलेला इथिलीन.

आज बुरशी सोडली. जपलेल्या नळीतून बीजाणू काढून, मोजणीच्या काचेवर मोजून, प्रत्येक बरणीत दहा हजार. वर मुद्दाम जास्तीचं पाणी. उभ्या रोपांवर हे करताना वाईचीने तोंड फिरवलं.

१३ ऑगस्ट, बुधवार

अ-१: सगळी आडवी. अ-२: सगळी आडवी. अ-३: अर्धी.
ब-१: एक गेलं. ब-२: सगळी उभी.
ब-३: सगळी आडवी.

ब-३ ने पंचाईत केली. कोरेगावची दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी मामांकडून उलगडा झाला. विरजण लावायच्या दिवशी ब-१, ब-२ ला ताजं पाणी गेलं, मग बाटली संपली. ब-३ ला फळीवर उरलेली जुनी बाटली ओतली, सहा दिवस बंद पडलेली. "आंबूस वास येत होता, मॅडम, पण मातीच ती म्हणून म्हटलं असंल." जुन्या बाटलीचा तळ प्लेटीवर ओढलाय.

१८ ऑगस्ट, सोमवार

ताज्या विरजणाच्या प्लेटीवर अकरा तऱ्हेच्या कॉलन्या ओळखू आल्या: पिवळ्या, गुलाबी, खडूसारख्या कोरड्या, चिकट पसरणाऱ्या. जुन्या बाटलीच्या प्लेटीवर एकच, सुरकुतलेली पांढरी, बॅसिलसची वाटते. हवा संपल्यावर बाकीच्यांनी राम म्हटला आणि बीजाणूंचं कवच असलेला तेवढा उरला. विरजण शिळं होतं.

मेलेल्या रोपांतून पुन्हा तीच चंद्रकोर निघाली. पण ब-२ च्या उभ्या, निरोगी मुळांवरही ती सापडली, थोडी. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बुरशी तिथून गेलेली नाही. आहे, पण तिला जागा मिळेना.

ब-२ ची एक चिकट कॉलनी आणि बुरशी एका प्लेटीवर समोरासमोर लावली. मध्ये सहा मिलिमीटरचा मोकळा पट्टा, बुरशी तिथे येऊन थबकलेली. अंधार करून नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च धरला तर कॉलनीभोवती पोपटी उजेड. स्यूडोमोनास. कृषी सेवा केंद्रात हिच्या पुड्या मिळतात, कोरेगावचीचे वडील आल्याच्या बेण्याला लावतात. ती फोन करून त्यांना सांगून आली.

२५ ऑगस्ट, सोमवार

परवा गणपती. सुट्टीआधी पुढची फेरी ठरवायची होती, त्यावर दोघींचं भांडण. बाजू बदलल्यात. वाईची आता म्हणते वाफ्यातलं विरजणच घ्यायचं, अकरा जण हवेत. कोरेगावची म्हणते, ते अकरा कोण ते तरी माहीत आहे का? शेतात चालतं, पण वर चार माणसांच्या श्वासाच्या हवेत 'कोण कोण आहेत' म्हणून भागणार नाही, त्यात एखादा माणसाला बाधणारा निघाला तर? नाव-गाव माहीत असलेलेच न्यायचे: ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला अडवणारी बुरशी), स्यूडोमोनास, नायट्रेट करणारी जोडी. मेलिसावाले तेच करतात. वाईचीचा प्रश्न बरोबर होता: चौघेच नेले आणि एक मेला, तर त्याचं काम कोण करणार?

दोन्ही करू. बरण्या बारा लागतील. सासूबाईंना आता सांगावंच लागेल.

सुट्टीत ब-१ आणि ब-२ चालू ठेवतोय. एलईडी ऑफिसच्या इन्व्हर्टरवर घेतले, प्राचार्यांनी सही दिली. फुंकर मारायला मामा रोज सकाळी येणार. आज त्यांची रंगीत तालीम घेतली. तंबाखू थुंकून, दोनदा चूळ भरून आले, मिशा पुसल्या, नळी तोंडाला लावली आणि बासरी फुंकावी तशी इतक्या जपून फुंकले की सेन्सर हललाच नाही. दुसऱ्यांदा जोरात. ४,६००. किल्ली त्यांच्याकडे दिली.